टाकी फुल ते टाकी फुल

वहीचं पहिलं पान कुंदाच्या अक्षरात:
खारघरचा पंप, टाकी फुल, किलोमीटरचा आकडा.
दुसरं पान: हर्णैहून परत, टाकी फुल,
भागाकार. साडेनऊ.
मग नऊ. मग साडेआठ.
कोल्हापूरच्या फेरीला सात पॉइंट आठ,
आणि समोर बारीक अक्षरात:
एसी लावला नव्हता. आता तूच सांग.

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी प्रेशर गेजचे काटे शून्यावर आणत होतो.
काटा खोटं बोलत नाही असं म्हणणारे
काट्यांबरोबर राहिलेले नसतात.
मी म्हणालो, पंपवाला मापात मारतोय.
म्हणालो, हवा कमी असेल.
हे नाही म्हणालो
की पनवेल सोडलं की माझा उजवा खांदा भरून येतो,
की गाडी सरळ न्यायची तर स्टेअरिंग
बारा वाजून पाच मिनिटांवर धरावं लागतं.

कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागे,
दस्तगीर मिस्त्रींनी आधी गाडीला हातच लावला नाही.
चहा संपवला. मग म्हणाले, चला.
रविवारचा सर्व्हिस रोड, ट्रेलर झोपलेले,
चाळीसचा वेग.
"हात सोडा की साहेब."
सोडले.
गाडी डावीकडे निघाली,
घाई न करता, ओळखीच्या घरी निघाल्यासारखी.
"धरा," ते म्हणाले. मी कधीच धरलं होतं.

मग जॅक. चाक वरखाली हलवून पाहिलं: किंगपिन ठीक.
आडवं हलवलं: टायरॉड एंड, थोडी खडखड, चालेल अजून.
टायरवर तळवा फिरवला,
बाहेरून आत गुळगुळीत, आतून बाहेर करवत.
"हे चाक फिरत नाही नुसतं, घासत चाललंय.
तुमचं डिझेल इथं जातंय. रस्त्याला फासताय."

मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत
त्यांनी सुतळी धरली, उजव्या बाजूला, गाठ मारली.
तीच सुतळी डावीकडे आणली
तर गाठ चाकाच्या पुढे, अर्धा इंच.
पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटलेला,
अॅक्सल एका अंगाने मागे सरकलेला.
किती महिने कोण जाणे,
एक चाक मागे राहून सगळ्यांबरोबर चालत होतं.

आत शिरताना त्यांनी चपला काढल्या.
ट्रॅव्हलरचं घर केल्यापासून
न सांगता चपला काढणारे ते पहिलेच.
पाण्याची शंभर लिटरची टाकी: डावीकडे.
सिलिंडर, बॅटरी: डावीकडे.
ओट्यावर टकटक केली. "हा दगड?"
ऐरोलीचा फ्लॅट विकला तेव्हा
कुंदाने एवढंच मागून घेतलं होतं,
स्वतःच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट, साडेचार फूट.
"आणि उजवीकडं काय?"
"उजवीकडे मी झोपतो."
मिस्त्री हसले नाहीत. खाली उतरून
टेपने दोन्ही चाकांवरच्या कमानी मोजल्या.
डावी बाजू दीड इंच खाली.
हसली ती कुंदा. बराच वेळ हसत होती,
मग एकदम पाणी प्यायला गेली.

टाकी उजवीकडे हलवली. बोल्ट नवा, एक पाटा नवा,
चाकांचा कोन पुन्हा सुतळीवरच बसवला.
ओट्याबद्दल कुणी विषय काढला नाही.
"थोडी ओढ राहणार," निघताना म्हणाले,
"पाणी वाहून जावं म्हणून रस्ताच डावीकडं उतरता असतोय.
तेवढी गाडीत शोधत बसू नका."

उरणच्या रस्त्याला, जासईच्या पुढे
मी हात उचलले. बोटभर.
कुंदा रस्त्याकडे बघत नव्हती.
मांडीवर वही, पेनाचं टोपण दातात,
नजर माझ्या हातांवर.
एक. दोन. तीन. चार.
"टाकी अजून अर्धी आहे," ती म्हणाली,
"आत्ताच काही लिहिणार नाही मी."